औषधाला न जुमानणारे जंतू



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन अशीच त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो जंतूंचा. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मी डॉक्टर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा हे अधिकारी पुरुषाचे निरूपण न मानता, गरज पडली म्हणून एका माणसाने केलेल्या अभ्यासाचा हा हिशेब आहे, असे समजून ऐकून घ्यावे.

गरज कशी पडली ते आधी सांगतो. आमच्या युनियनमधला एक माथाडी गडी. गाडी खाली करताना लोखंडी पट्ट्यांची मोळी त्याच्या पायावर आली. हाड मोडले. एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. आठव्या दिवशी त्याला घरी सोडण्याची बोलणी चालली होती. त्याच रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला, पहाटेपर्यंत रक्तदाब उतरला. रक्त तपासायला गेले आणि तिसऱ्या दिवशी अहवाल आला. रक्तात क्लेब्सिएला नावाचा जंतू सापडला होता. खाली औषधांची लांबलचक यादी होती, आणि जवळजवळ प्रत्येक औषधापुढे इंग्रजी ‘आर’ हे अक्षर होते. म्हणजे या औषधाला हा जंतू दाद देत नाही. दाखल झाल्यापासून सोळाव्या दिवशी तो गेला. पायाची जखम तोवर भरत आली होती.

पुढे भरपाईचा दावा लावला. ठेकेदाराच्या वकिलाने लेखी कळवले की मृत्यू तापाने झाला, अपघाताने नव्हे. सबब भरपाई लागू नाही. आणि त्याची बायको मला म्हणाली, “दादा, पाय मोडला म्हणून नेलं होतं त्यांना. मग हा ताप आला कुठनं?” वकिलाचा मुद्दा आणि त्या बाईचा प्रश्न, दोन्ही एकच होते. मला एकाचेही उत्तर देता येईना. तेव्हापासून मी वाचू लागलो.

रक्तात जंतू शिरतो कसा

आपल्या कातडीवर, नाकात, आतड्यात असंख्य जंतू कायमचे वस्तीला असतात. दर तीन माणसांत साधारण एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. त्याचे नावच ग्रीक भाषेतल्या द्राक्षघडावरून पडले आहे. क्लेब्सिएला आणि ई. कोलाय हे आतड्यात राहणारे. आपल्या जागी आहेत तोवर यांचा उपद्रव सहसा होत नाही. कातडी हा शरीराचा गावकूस आहे. दात घासताना हिरडी दुखावली तर चार जंतू रक्तात उतरतातही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात.

रुग्णालयात मात्र आपण या गावकुसाला मुद्दाम भोक पाडतो. सलाईनसाठी शिरेत नळी, लघवीसाठी नळी, श्वासासाठी घशात नळी. यातली प्रत्येक नळी प्राण वाचवण्यासाठी असते आणि प्रत्येक नळी हे उघडे दारही असते. नळीच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून बसतात. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही आणि पांढऱ्या पेशींचेही चालत नाही. त्यातून रुग्ण आधीच अशक्त. जंतूला पाय नाहीत, पंख नाहीत. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तो बहुधा माणसाच्या हातानेच जातो.

रक्तात जंतू वाढू लागले की त्यांच्याविरुद्ध शरीराची जी धावपळ सुरू होते ती कधी कधी आवरेनाशी होते. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडे काम थांबवतात, फुप्फुसांत पाणी होते. यालाच सेप्सिस म्हणतात. इथे वेळ दिवसांत मोजायचा नसतो, तासांत मोजायचा असतो. आणि रक्ताच्या तपासणीला तर दिवस लागतात. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबेत ठेवायचे, जंतू वाढण्याची वाट पाहायची, मग त्याची ओळख पटवायची आणि शेवटी कोणते औषध त्याला मारते ते पाहायचे. ठिकठिकाणी याहून जलद पद्धती आल्या आहेत. तरी बहुतेक रुग्णालयांत दोन-तीन दिवस जातातच. तोवर डॉक्टरला अंदाजाने औषध सुरू करावे लागते. अंदाज बरोबर आला तर रुग्ण तरतो. जंतू त्या औषधाला सरावलेला निघाला तर ते दोन दिवस फुकट जातात, आणि पुष्कळदा तेच दोन दिवस आयुष्याचे ठरतात. औषधांचा बोथटपणा रक्तातल्या संसर्गात एवढा घातक का, याचे हे साधे कारण आहे.

पेनिसिलीन आले आणि जंतू शिकले

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 साली पेनिसिलीनचा शोध लागला, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण बुरशीच्या त्या रसाचे औषध केले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. फेब्रुवारी 1941 मध्ये त्यांनी ते अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या 43 वर्षांच्या पोलिसाला दिले. चेहऱ्याच्या जखमेतून शिरलेल्या जंतूंनी त्याला ग्रासले होते; एक डोळा गेला होता. पेनिसिलीन सुरू होताच ताप उतरला, तो जेवू लागला. पण जवळचा साठा अगदी थोडा. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलीन गाळून पुन्हा त्यालाच टोचले, इतकी टंचाई. पाच दिवसांत साठा संपला, जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली आणि 15 मार्चला तो वारला. औषध लागू होते, पण पुरेसे नव्हते म्हणून माणूस गेला. आज आपल्याकडे औषधांनी कपाटे भरली आहेत, आणि ती लागू पडत नाहीत म्हणून माणसे जातात.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, त्या पोलिसाला पहिले इंजेक्शन देण्यापूर्वीच, डिसेंबर 1940 मध्ये, अब्राहम आणि चेन यांनी छापून टाकले होते की काही जंतूंजवळ पेनिसिलीन मोडून टाकणारे द्रव्य असते. म्हणजे औषध बाजारात यायच्या आधी त्याचा उतारा निसर्गात तयार होता. यात नवल नाही. बुरशी आणि जंतू यांची लढाई माणसाच्या जन्माआधीपासूनची. आपण बुरशीचे शस्त्र उसने घेतले, आणि त्या शस्त्राविरुद्धची ढाल जंतूंकडे पूर्वापार होतीच. 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनी स्वतःच बजावले होते की, पेनिसिलीन दुकानात कोणालाही मिळू लागेल, लोक ते अपुऱ्या मात्रेत घेतील आणि जंतूंना प्रतिकाराची सवय लावतील.

‘जंतू शिकतो’ असे आपण म्हणतो, पण शिकणे म्हणजे काय ते नीट समजून घ्यावयास हवे. एकटा जंतू काही शिकत नाही. अनुकूल परिस्थितीत स्टॅफिलोकॉकस अर्ध्या तासात दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा तासांत वीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे दहा लाखांहून अधिक. एवढ्या नकला करताना कुठेतरी चूक होतेच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. एखादी अशी निघते की औषध असतानाही तो जंतू जगतो. औषध बाकीच्यांना मारते, मोकळी जागा याला मिळते आणि पुढची सगळी पिढी याची होते. औषधाने जंतूला शिकवले नाही. औषधाने निवड केली.

जंतूंच्या युक्त्या मोजक्याच आहेत. औषध मोडून टाकणारे द्रव्य तयार करणे, ही एक. औषध जिथे जाऊन बसते ती जागाच बदलणे, कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली चालत नाही तशी, ही दुसरी. औषध आत येण्याची वाट अरुंद करणे ही तिसरी, आणि आत आलेले औषध उपसून बाहेर टाकणे ही चौथी. या युक्त्यांची कृती जनुकांत लिहिलेली असते, आणि ती जनुके पुष्कळदा एका लहानशा सुट्या कड्यावर असतात. त्या कड्याला प्लास्मिड म्हणतात. त्याची नक्कल एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो, आणि तो शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालते. पूर्वी गिरणीच्या खात्यातून संपाची चिठ्ठी हातोहात फिरायची. मालकाला कळेपर्यंत चारही खात्यांत पोचलेली असायची. मला प्लास्मिड समजला तो त्या चिठ्ठीवरून.

मेरी बार्बर यांचे काम

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर नावाच्या जंतुशास्त्रज्ञ बाई होत्या. पेनिसिलीनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची त्यांनी वर्षानुवर्षे मोजदाद केली. 1946 साली रुग्णांकडून मिळालेल्या शंभर नमुन्यांत असे सुमारे 14 निघत. 1947 साली 38. 1948 साली 59. दोन वर्षांत चौपट. त्या रुग्णालयात पेनिसिलीन भरपूर वापरले जात होते, आणि तगणारा जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात होता. त्यांनी दाखवले ते हे की, एकेका रुग्णाच्या अंगात जंतू नव्याने बदलतात हे कारण गौण. मुख्य कारण सरावलेल्या जंतूचा वॉर्डात होणारा फैलाव.

बार्बर यांचे दुसरे काम मला जास्त मोलाचे वाटते. 1950 नंतरच्या दशकात नवनवी औषधे येत होती आणि एकामागून एक बोथट होत होती. तेव्हा त्यांनी हॅमरस्मिथमध्ये नियम घालून दिले. पेनिसिलीन सरसकट द्यायचे नाही. राखीव औषध एकटे द्यायचे नाही, जोडीने द्यायचे. आणि जंतूचा फैलाव अडवायचा. काही काळाने सरावलेल्या जंतूंचे प्रमाण उतरले. 1960 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. औषध गेले म्हणजे कायमचे गेले, ही समजूत तिथे खोटी ठरली. माणसे एकत्र बसून नियम ठरवतात आणि पाळतात तेव्हा जंतूला माघार घ्यावी लागते.

तरी नव्या औषधाच्या भरवशावर राहण्याचा मोह कोणाला सुटला नाही. पेनिसिलीन मोडणाऱ्या द्रव्यालाही न मोडता येणारे मेथिसिलीन 1959 साली इंग्लंडात आले. दोनच वर्षांनी, 1961 साली, पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलीनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची नोंद केली. हा त्या चौघांपैकी दुसऱ्या युक्तीचा जंतू, कुलूप बदलणारा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एमआरएसए म्हणतात. पुढच्या चाळीस वर्षांत तो जगभरच्या रुग्णालयांत पसरला.

इंग्लंडने काय केले

एप्रिल 2001 पासून इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रक्तात एमआरएसए सापडलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद पाठवणे सक्तीचे झाले. 2003-04 या वर्षात अशा सुमारे 7,700 नोंदी झाल्या. रुग्णालयागणिक आकडे छापून येऊ लागले आणि गवगवा झाला. नोव्हेंबर 2004 मध्ये सरकारने जाहीर केले की मार्च 2008 पर्यंत हा आकडा निम्म्यावर आणायचा. त्यासाठी जे केले त्यात नवे औषध एकही नव्हते. खाटेखाटेजवळ हात चोळायचे मद्यार्काचे द्रावण ठेवले. शिरेतली नळी कोणी, कधी, का घातली हे लिहायचे आणि गरज संपताच काढायची. दाखल होणाऱ्या रुग्णाचे नाक तपासायचे. काही विशिष्ट औषधांचा सढळ वापर आवरायचा. स्वच्छतेची संहिता कायद्याने लागू केली. आणि रुग्णालयाच्या प्रमुखाला आकड्याचा जाब द्यावा लागू लागला. उद्दिष्ट पुरे झाले. पुढेही आकडा उतरत राहिला आणि 2011-12 मध्ये तो अकराशेच्या आसपास आला. सात भागांतले सहा भाग गेले.

या यशालाही मर्यादा होती, ती सांगितलीच पाहिजे. त्याच देशात ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे रक्तातले संसर्ग असे उतरले नाहीत. 2018-19 मध्ये त्यांची नोंद चाळीस हजारांहून अधिक होती. कारण त्यातले बहुतेक रुग्णालयाबाहेर, लघवीच्या संसर्गातून वगैरे सुरू होतात. वॉर्डातली शिस्त वॉर्डापुरती पुरते.

आता माझ्या धंद्याचा मुद्दा. इंग्लंडमध्ये 1983 साली सरकारने रुग्णालयांना सफाई, धुलाई आणि जेवण या कामांच्या निविदा काढायला लावल्या, आणि पुष्कळ ठिकाणी सफाई ठेकेदारांकडे गेली. तिथल्या कामगार संघटना वर्षानुवर्षे ओरडत होत्या की यातून रुग्णाचे नुकसान होते. मालक म्हणत, हे पोटासाठीचे बोलणे आहे. 2017 साली चार अभ्यासकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी 2010 ते 2014 या काळातली, इंग्लंडमधल्या 126 रुग्णालय-संस्थांची आकडेवारी तपासली. जिथे सफाई ठेकेदाराकडे होती तिथे एमआरएसएचे प्रमाण जास्त निघाले. जिथे ती संस्थेच्या स्वतःच्या कामगारांकडे होती तिथे कमी. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही, हे मी जाणतो. युनियनच्या माणसाने सोयीचा आकडा तर दोनदा तपासावा. पण वॉर्ड कोण झाडतो, त्याला किती खाटा आहेत, तो उद्या कामावर असणार आहे की नाही, हा वैद्यकीय प्रश्न आहे, एवढे म्हणण्याइतका आधार त्यात नक्की आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचे उदाहरण याच जोडीचे आहे. तिथे 103 अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाच गोष्टी कटाक्षाने पाळायचे ठरवले. हात धुणे, क्लोरहेक्झिडीनने कातडी पुसणे, टोपी, मुखपट्टी, झगा घालून रुग्णाला पूर्ण आच्छादणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, आणि नको असलेली नळी लगेच काढणे. पाचांत नवे काहीच नव्हते. नवे होते ते हे की, डॉक्टर एखादी पायरी गाळू लागला तर नर्सने त्याला थांबवायचे, आणि थांबवल्याबद्दल तिला कोणी बोलायचे नाही. नळी असलेल्या दर हजार दिवसांमागे रक्तसंसर्गाचे मध्यम प्रमाण आधी 2.7 होते, तीन महिन्यांत ते शून्यावर आले आणि दीड वर्ष टिकले. हे 2006 साली प्रसिद्ध झाले. ज्याच्या हातात काम आहे त्याला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असला की किती जीव वाचतात, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आपल्या घरची गोष्ट

आपल्या पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला होते, आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. परदेशी औषधासाठी हात पसरावा लागू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू थोर होता आणि त्या औषधाने लाखो माणसे जगली, हे विसरून चालणार नाही. आज मी औषधे जपून वापरा म्हणतो, ते औषधांच्या द्वेषाने नव्हे. ज्याला खरोखर हवे त्याला ते मिळालेच पाहिजे. गरिबाला वेळेवर औषध न मिळणे हेही मरणाचे कारण आहेच.

आपल्या रुग्णालयांतला मोठा शत्रू एमआरएसए नसून आतड्यातल्या जंतूंचे कूळ आहे, क्लेब्सिएला त्यातलाच. या जंतूंविरुद्ध कार्बापेनेम गटाची औषधे हा डॉक्टरांचा हुकमी पत्ता होता. तो पत्ता उडवणारे एक द्रव्य स्वीडनमध्ये 2008 साली एका रुग्णाच्या क्लेब्सिएलात सापडले. तो रुग्ण आधी भारतात, दिल्लीच्या रुग्णालयात होता, म्हणून त्या द्रव्याच्या नावात नवी दिल्लीचे नाव घातले गेले. एनडीएम-1 ते हेच. 2010 साली यावरून आपल्याकडे मोठा संताप झाला. देशाची बदनामी, असे म्हटले गेले. नावाबद्दलचा राग मी समजू शकतो. पण 2011 साली दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याचे 171 नमुने तपासले तेव्हा 51 मध्ये हे जनुक निघाले, आणि नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये. चिठ्ठी रुग्णालयाबाहेर पडून गटारात पोचली होती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद मोठ्या रुग्णालयांतून येणाऱ्या जंतूंची दरसाल मोजदाद करते. इमिपेनेम या कार्बापेनेमला दाद देणारे क्लेब्सिएलाचे नमुने 2016 साली शंभरात 65 होते. 2021 साली 43 राहिले. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात अतिदक्षता कक्षातल्या 13,530 नवजात बालकांचा अभ्यास झाला. त्यांतल्या दर शंभरातल्या 14 बालकांना सेप्सिस झाला, आणि सापडलेले जंतू मोठ्या प्रमाणात अनेक औषधांना सरावलेले होते. चार दिवसांच्या बाळाने कोणते औषध जास्त घेतले होते? एकाही गोळीचे पाप त्याच्या माथी नाही. ते आपल्या सर्वांच्या सवयीची किंमत देते.

माझी चूक

‘आपल्या सर्वांच्या’ असे मी म्हणालो, त्यात मी आहे. फाटकावर युनियनची पेटी असते. त्या पेटीत पावती पुस्तके, झेंडे, आणि बरीच वर्षे अँटिबायोटिक गोळ्यांची पाकिटे असत. दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली. रोजंदारीच्या माणसाला ताप आला की एक खाडा म्हणजे एक दिवसाची चूल. तो म्हणायचा, “भाऊ, काहीतरी जोरदार द्या, संध्याकाळच्या पाळीला उभं राहायचंय.” मी दोन गोळ्या द्यायचो. ताप बहुधा विषाणूचा असे, सर्दी-पडशाचा. विषाणूवर या गोळ्या काडीमात्र चालत नाहीत. तो तीन दिवसांत आपोआप बरा व्हायचा आणि श्रेय गोळीला, म्हणजे मला मिळायचे. दरम्यान त्याच्या आतड्यातल्या जंतूंची निवड होऊन गेलेली असे. मी पुढारी होतो, लोक विश्वासाने हात पुढे करत होते, आणि मी ज्याची मला माहिती नव्हती ते त्यांच्या हातावर ठेवत होतो.

पेटीतून गोळ्या काढणे सोपे होते. खाड्याचे काय करायचे हे कठीण. तापाच्या माणसाला भरपगारी तीन दिवस मिळाले तर तो जोरदार गोळी मागणार नाही. आमच्या गेल्या करारात आम्ही डॉक्टरच्या दाखल्यावाचून तीन दिवसांची भरपगारी आजारी रजा मागितली. दोन दिवसांवर तडजोड झाली. व्यवस्थापनाला मी तेव्हा जंतूंचे कारण सांगितले नाही. सांगितले असते तर हसले असते. इथे सांगतो.

काय करता येईल

कायदा आहे. 1 मार्च 2014 पासून काही तीव्र अँटिबायोटिकांसाठी दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव नोंदवून ती वही तीन वर्षे जपावयाची आहे. 2019 साली कोंबड्या आणि इतर खाद्य प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी आली. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी काढायचे औषध. पण कायद्याला पाय ग्राहकाच्या आग्रहाने फुटतात. आपण दुकानात जाऊन स्वतःच्या मनाने गोळी मागणार नाही, घरात उरलेली गोळी शेजाऱ्याला देणार नाही आणि डॉक्टरकडे हट्ट धरणार नाही, एवढे प्रत्येकाच्या हातात आहे. डॉक्टर म्हणतील तितके दिवस औषध घ्यावे. आपल्या मनाने थांबवूही नये आणि लांबवूही नये. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगले, हाही समज तपासला गेला आहे. सात देशांतल्या 3,608 रुग्णांवरच्या, 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तसंसर्गाच्या बऱ्याच रुग्णांना सात दिवसांचे औषध चौदा दिवसांइतकेच उपयोगी ठरले. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण त्यात नव्हते. तेव्हा किती दिवस, हा निर्णय डॉक्टरचाच.

आपले माणूस रुग्णालयात असेल तर दोन प्रश्न नम्रपणे रोज विचारावेत. ही नळी आजही हवी आहे का? आणि हात लावण्याआधी हात धुतले का? सिस्टरला विचारताना तिच्याकडे किती खाटा आहेत तेही पाहावे. एकटी सिस्टर रात्री तीस रुग्ण सांभाळत असेल तर ती दरवेळी हात धुवू शकणार नाही; तो तिचा आळस नव्हे, तो घड्याळाचा हिशेब आहे. आणि फरशी पुसणाऱ्या मावशीला हातमोजे, जंतुनाशक आणि कायमची नोकरी मिळावी असे कोणी निवेदन घेऊन आले तर त्यावर सही करावी. ती सही आपल्याच रक्तासाठी आहे.

त्या दाव्याचे काय झाले ते सांगून थांबतो. ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली होती त्यांनीच पुढे लेखी मत दिले. अपघात झाला म्हणून शस्त्रक्रिया, शस्त्रक्रिया झाली म्हणून शिरेत नळी, नळी होती म्हणून रक्तात जंतू, असे त्यांनी एकाखाली एक लिहिले. त्या सज्जन माणसाने आपल्या रुग्णालयाचीही झाकपाक केली नाही. दावा तडजोडीने मिटला. रक्कम पुरेशी नव्हती. अशी रक्कम पुरेशी कधीच नसते.

त्या बाईंना मी जाऊन सांगितले, ताप कुठून आला ते. नळी, हात, जंतू, औषधे, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे कुणीतरी हात धुतले असते तर?” मी म्हणालो, “कदाचित.” त्या उठल्या, मोरीवर गेल्या, साबणाने हात धुऊन आल्या आणि धाकट्याला भरवायला बसल्या.